आमचा पाणक्या खुला होतो

माणसाने एक वेळ दुसऱ्याच्या ताटातली तळलेली सुरमई उचलावी, पण दुसऱ्याच्या कोडला हात लावू नये, असं आमच्या ऑफिसात मानलं जायचं. कुणी तसं लिहून लावलं नव्हतं. लिहून लावायची वेळ येते ती लोक ऐकत नाहीत तेव्हा. इथे सगळे ऐकत होते.

आमचं ऑफिस साकीनाक्याला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात डब्यांची झाकणं ठोकतात, वर आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. खालच्या ठोकाठोकीमुळे आम्ही चौघंही कानाला हेडफोन लावून बसायचो. ठोकाठोकी जेवणाच्या सुट्टीत थांबायची, हेडफोन मात्र थांबायचे नाहीत. निलेश काय लिहितो ते गिल्बर्टला माहीत नसे, गिल्बर्ट काय लिहितो ते प्रांजलला माहीत नसे आणि मी टीम लीड असल्यामुळे मला कुणाचंच काही माहीत नसे. खरं सांगायचं तर मला तिथे फार एकटं वाटायचं. माणसं हाताच्या अंतरावर होती आणि मी डबा भिंतीकडे तोंड करून खात होतो.

अशात सरांनी मला अंधेरीच्या एका हॉटेलात भाषणं ऐकायला पाठवलं. सर म्हणजे आमचे मालक, चंद्रप्रकाश सर. आमंत्रण फुकट होतं आणि जेवण होतं, एवढ्यावर त्यांनी मला निवडलं. मी जेवणासाठीच गेलो होतो हे कबूल करतो, पण जेवणाआधी भाषण होतं आणि त्यातून सुटका नव्हती. व्यासपीठावरच्या बाई सांगत होत्या की आपला प्रोग्रॅम जगासाठी खुला ठेवा. कुणीही आतून बघावा, वापरावा, चुका दुरुस्त करून पाठवाव्यात. याला ओपन सोर्स म्हणतात. मात्र त्याआधी आपल्याच ऑफिसातल्या माणसांनी एकमेकांचं काम मोकळ्या मनाने बघायला शिकलं पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा पुलाव मी कसा खाल्ला ते मला आठवत नाही, आणि तो चांगला होता असं लोक सांगतात.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ऋतिका बँकेत आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे फुकट काम करायचं आणि वर लोकांची बोलणी खायची?"

"तसं नाही गं..."

"मग घरी का नाही करत?"

क्रांतिकारकांना घरून पाठिंबा मिळाल्याचं फारसं वाचनात नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. आमच्याकडे 'पाणक्या' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. निलेशने पूर्वी कधीतरी लिहिलेला. खालच्या टाकीत पाणी आलं आणि वरची टाकी रिकामी असली की पंप चालू करायचा, वरची भरली की बंद करायचा, इतकंच त्याचं काम. कुणी विकत घेत नव्हतं. तो खुला करू या, असं मी म्हणालो.

"फुकट?" सरांनी विचारलं.

"हो सर. पण जगभरातून माणसं येतील, सुधारणा करतील."

"फुकट?"

"हो सर."

हा दुसरा 'फुकट' त्यांना आवडला. तरी त्यांनी आधी सीएला फोन लावला. फुकट दिलेल्या वस्तूवर कर किती, असं त्याने उलट विचारलं. मग वकिलाला लावला. वकील म्हणाला, फुकट द्या, पण पावती घ्या. पंधरवडाभर हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. शेवटी सरांनीच फर्मान काढलं. "गणपतीपर्यंत वेळ. तोवर बाहेरच्या एका तरी माणसाने यात सुधारणा करून दाखवली पाहिजे. नाही जमलं तर हे सगळं बंद, आणि तू ग्राहक सेवेच्या फोनवर बसायचं."

ग्राहक सेवेचा फोन म्हणजे काय ते सांगतो. सोसायट्यांचे सेक्रेटरी निवृत्त असतात, त्यांना वेळ असतो, आणि तो वेळ ते त्या फोनवर घालवतात. त्या खुर्चीवर बसलेली आधीची तिन्ही माणसं आता गावी असतात.

मी कामाला लागलो. पहिला नियम केला की पाणक्यात काहीही बदलायचं तर चौघांची संमती हवी. एकट्याला बदल करता येऊच नये म्हणून मी त्याला तसं कुलूपच घातलं. पहिल्याच दिवशी प्रांजलने निलेशच्या कोडमधली एक चूक दाखवली. प्रांजल आमच्यात सगळ्यात नवी, आणि निलेश मूळचा मालवणचा. तो खुर्चीतून उठला.

"माझ्या कोडात चूक काढतंस गो? ह्यो कोड मी लिवलंय तेवा तू शाळेत होतंस!"

"म्हणूनच जुना झालाय," प्रांजल म्हणाली.

त्यानंतर निलेश डबा घेऊन जिन्यात जेवायला लागला. सहकार्याची संस्कृती रुजवायला निघालो आणि होता तो शेजारही गेला.

त्या आठवड्यात मी घरी उदास बसलो होतो. आम्ही चारकोपला सेक्टरमधल्या सोसायटीत राहतो. समोरच्या शकुताईंनी अळूवड्यांची वाटी आणून दिली आणि माझं तोंड बघून, "सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी घे," असा सल्लाही दिला. शकुताईंचा हा सल्ला मूळव्याधीपासून नोकरी जाण्यापर्यंत सगळ्याला चालतो. त्या गेल्यावर ऋतिकाने वाटी धुतली आणि तिच्यात चार बेसनाचे लाडू ठेवले.

"हे कशाला?"

"शेजारची वाटी रिकामी परत करतात का कधी?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेव्हाच तो विझवला असता तर पुढचं टळलं असतं.

सकाळी ऑफिसात मी चौघांना, म्हणजे उरलेल्या तिघांना, गोल बसवलं आणि भाषण केलं. दुसऱ्याचा कोड तपासायला आला की तो शेजारून आलेली वाटी समजा, म्हणालो. शेजारणीने वाटी पाठवली तर आपण मीठ जास्त झालंय म्हणून आरडाओरडा करतो का? प्रेमाने घेतो. तसं घ्या. तिघंही हेलावली. निलेश तर आपल्या आईच्या आठवणीने नाक पुसायला लागला.

गिल्बर्टने हात वर केला. गिल्बर्ट मरोळच्या जुन्या गावठाणातला, अत्यंत सरळ माणूस. "म्हणजे वाटी रिकामी परत द्यायची नाय, बरोबर ना?"

मी भाषणाच्या भरात होतो. "कधीच नाही!" मी गरजलो.

त्या दिवसापासून पाणक्या बाळसं धरू लागला. निलेशने आपली चूक दुरुस्त करून प्रांजलकडे तपासायला पाठवली. प्रांजलने ती तपासली आणि परत करताना, रिकामी कशी द्यायची म्हणून, त्यात मुलांच्या अभ्यासाची वेळ घातली. रविवारी दुपारच्या जेवणापर्यंत मुलांचे क्लास असतात, पंपाचा आवाज नको. ते गिल्बर्टकडे गेलं. त्याने त्याआधीची वेळ मिसासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, राखून ठेवली. रविवारी सकाळी देवाचं नाव चाललेलं असताना पंप कसा घरघरणार? ते निलेशकडे गेलं. त्याच्या आईची खिडकी पंपाच्या डोक्यावर येते आणि ती संकष्टीला संध्याकाळभर अथर्वशीर्षाची आवर्तनं करते. म्हणून त्याने पंचांग बसवलं. संकष्टीला संध्याकाळपासून चंद्रोदय होईपर्यंत पंप बंद. मी म्हटलं, आपणच मागे कसं राहायचं? दुपारी जेवणानंतर चहापर्यंत माणूस जरा आडवा होतो. ती वेळ मी घातली.

मग तर उधाणच आलं. टाकी भरली की प्रांजलचा पाणक्या बासरी वाजवू लागला. गिल्बर्टने बोंबलाचा त्या दिवसाचा भाव दाखवायची सोय केली. निलेशने आंब्याचा मोहोर केव्हा येईल त्याचा अंदाज घातला. ऑफिसात हेडफोन गळ्यात आले, मग खुंटीवर गेले. निलेश जिन्यातून परत आला आणि प्रांजलला स्वतःच्या डब्यातली सोलकढी देऊ लागला. आम्ही जेवताना इतके हसायचो की एकदा खालच्या गाळ्यातून तक्रार आली, की वर आवाज फार होतो. मी आयुष्यात इतका खूश कधी नव्हतो. घरी जाताना मी रिक्षावाल्यांशीही सहकार्याने बोलायचो.

फक्त बाहेरचा माणूस मिळत नव्हता. आमच्या लोकांनी मदत म्हणून नातेवाईक आणायला सुरुवात केली. गिल्बर्टच्या एल्टनने एक सुधारणा पाठवली. सरांनी विचारलं, "हा कोण?" गिल्बर्टला खोटं बोलता येत नाही. "मावसभाव." बाद. निलेशच्या गावाहून तिघांनी पाठवली, तिघांचं आडनाव निलेशचंच. बाद. मी माझ्या साडूला तयार केला होता. त्याने सुधारणा पाठवली आणि खाली 'आपला साडू' अशी सहीही केली.

"आधी एखाद्या बिल्डिंगला लावून तरी दाखव," सर म्हणाले. "जे कुणी वापरत नाही ते सुधारणार कोण?"

म्हणून मी माझ्या सोसायटीत गेलो. आमचे सेक्रेटरी दशरथनाना. मंत्रालयातून निवृत्त झालेले, पण मंत्रालय त्यांच्यातून झालेलं नाही. त्यांनी अर्ज मागितला, अर्जावर शेरा मारला आणि खास सभा बोलावली. सभेत मी सांगितलं की हा प्रोग्रॅम खुला आहे, सर्वांचा आहे.

"सर्वांचा म्हणजे?" नानांनी चष्मा वर केला. "आपल्या पाण्यावर सी विंगचा हक्क?"

तासभर त्यावर चर्चा झाली. सी विंगची टाकी आणि पंप वेगळे, तरी सी विंगने सभात्याग केला. शेवटी चाचणी म्हणून ठराव मंजूर झाला, आणि शकुताईंनी कोमट पाण्याची सोय होईल का ते विचारलं.

शुक्रवारी पंपाच्या खोलीत पाणक्या चालवणारी आमची डबी बसली. शुक्रवारी पंप वेळेवर चालला. शनिवारी चालला, बासरी वाजली, नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इथे माझा पाय घसरला. मी इलेक्ट्रिशियनला म्हणालो, "ते पंपाचं जुनं बटण काढूनच टाक. बटण दिसलं की लोक जुन्या सवयींवर जातात." त्याने बटण काढलं, खिशात टाकलं आणि तो लग्नाला जव्हारला गेला.

रविवारी संकष्टी होती.

सकाळी मिसा. मग मुलांचा अभ्यास. नळांनी आधी सूं केलं, मग फुस्स, मग काहीच नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर 'थोडा धीर धरा' असं लिहिलं, वर हसरा चेहरा टाकला. तो टाकायला नको होता. शकुताईंकडे त्यांच्या मुलीला, सुलक्षणाला, बघायला पाहुणे आले होते. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी हात धुवायला साबण लावला आणि ते तसेच हात पुढे धरून अर्धा तास बसले. नाना अर्ध्या दाढीने दारात उभे राहिले. उरलेल्या अर्ध्या गालावर फेस होता आणि त्या फेसातून ते म्हणाले, "सुबोध, ही काय वाट लावलीस रे?"

मी तिघांना फोन केले. तिघंही धावत आली, ते बघून मला गहिवरून आलं. टाकीशेजारी गच्चीवर लॅपटॉप उघडून आम्ही बसलो. पंप का चालत नाही ते सगळ्यांना दिसत होतं. काही वेळात माझी वामकुक्षी सुरू होणार होती, ती संपली की निलेशचा चंद्र.

"मिसा आणि बाकीचं काढू या," मी म्हणालो.

"गिल्बर्टने किती प्रेमाने घातलंय ते," प्रांजल म्हणाली. "मी नाही संमती देणार. माझं काढा."

"तुझा कसा काढूचा गो? पोरांच्या अभ्यासाचा हा ता," निलेश म्हणाला. "माझो चंद्र काढा."

"तुझ्या आईची खिडकी हाय त्यात," गिल्बर्ट म्हणाला. "पाप लागेल. सुबोधची झोप काढ."

"त्यांना किती थकायला होतं!" प्रांजल म्हणाली.

पूर्वी आम्ही भांडून एकमेकांच्या कोडला हात लावत नव्हतो, आता जिव्हाळ्याने लावत नव्हतो. कुलूप मीच घातलेलं. खालून नानांची हाक आली, पाठोपाठ सी विंगच्या हसण्याचा आवाज आला. मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं, पण गच्चीवर ती सोयही नसते.

तेवढ्यात लॅपटॉपवर एक सुधारणा येऊन पडली. पाठवणारं नाव अनोळखी, एव्हलिन. तिने पाणक्यातलं सगळं उडवून टाकलं होतं. मिसा, अभ्यास, वामकुक्षी, बासरी, बोंबील, मोहोर. खाली पाणी असेल आणि वर जागा असेल तर पंप चालू, वर भरलं की बंद. इतकंच शिल्लक. सोबत चिठ्ठी होती. 'मुलुंडला आमच्या बिल्डिंगला हे लावलंय. आज सकाळपासून पाणी नाही. नको ते सगळं काढलं. आता व्यवस्थित चालतंय.'

आम्ही चौघांनी डोकी जवळ घेऊन ती चिठ्ठी पुन्हा वाचली.

"माझो चंद्र काढल्यान!" निलेश किंचाळला.

"बोंबील पण?" गिल्बर्ट म्हणाला.

"काय उद्धट बाई आहे," प्रांजल म्हणाली. आणि मग तिला हसू फुटलं. ती हसली म्हणून गिल्बर्ट हसला, निलेश तोंड फिरवून हसला. आपण एकमेकांसाठी जे करू शकलो नाही ते मुलुंडच्या एका बाईने परभारे करून टाकलं, याचं आम्हाला इतकं सुटल्यासारखं वाटलं की काही विचारू नका. प्रांजलने संमती दिली, गिल्बर्टने छातीवर क्रूसाची खूण करून दिली, निलेशने आईला फोन करून दिली. माझी वामकुक्षी जाणार होती, तरी मीही दिली. खाली पंप घरघरला. सी सोडून बाकीच्या विंगांतून एकदम ओरडा उठला. पाहुण्यांनी हात धुतले. पुढे ते स्थळ जमलं, आणि इतका वेळ हात पुढे धरून शांत बसणारी माणसं चांगलीच असणार, असं शकुताई सांगतात.

आणि मग मला उमगलं. बाहेरचा माणूस! "गिल्बर्ट, ही एव्हलिन तुझी कोण?" मी दरडावून विचारलं. त्याने तिथूनच तीन मावश्यांना फोन केले. कुणाचीच कुणी लागत नव्हती. आम्ही चौघांनी टाकीभोवती फेर धरला.

सोमवारी सरांना सगळं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिला फोन लावला. एव्हलिनबाई मुलुंडला दातांच्या डॉक्टर निघाल्या. पेशंट कमी, मधल्या वेळात कोड लिहायची हौस. "किडलेलं काढायचं आणि चांगलं राखायचं, रोजचंच आहे माझं," त्या म्हणाल्या. सर भारावून गेले. चार माणसांनी इतके दिवस जे घातलं ते हिने एका सकाळीत काढलं, अशी बाई आपल्याकडे हवी, असं ते म्हणाले आणि आठवड्याभरात त्यांनी तिला अर्धवेळ नोकरीवर घेतलंसुद्धा. बाई आल्या त्याच दिवशी त्यांनी सरांची अक्कलदाढ बघितली आणि पाणक्यातली आणखी एक ओळ काढली. त्या आमच्याबरोबर जेवायला बसू लागल्या. सगळं झकास चाललं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं.

"बाहेरची माणसं किती?"

"एक, सर. एव्हलिन."

"ती आपली आहे. पगार मी देतो."

"सर, पण तेव्हा नव्हती."

"मी आजचं विचारतोय."

मी खूप वाद घातला. सीएलाही फोन लावून झाला. तो म्हणाला, आर्थिक वर्षाच्या शेवटी जे असेल ते धरतात. पाणक्या चालू ठेवा म्हणून चौघांनी सरांच्या केबिनबाहेर धरणं धरलं, त्यात एव्हलिनबाईही होत्या. शेवटी सरांनी पाणक्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली. एका बाहेरच्या माणसासाठी. मला दिली नाही.

अशा रीतीने मी ग्राहक सेवेच्या फोनवर बसलो. मान खाली घालून, हेडफोन पुन्हा कानावर. पहिल्याच सकाळी फोन वाजला.

"मी घाटकोपरहून जयवंत बोलतोय. ते तुमचं पाणक्या आहे ना, ते आम्ही लावलं. खालच्या टाकीत गाळ आला की पंप बंद व्हावा असं मी त्यात बसवलंय. चांगलं चालतंय. ते तुम्हाला कुठे पाठवू?"

मी उभा राहिलो. हाताने खुणा करून तिघांना आणि एव्हलिनबाईंना बोलावलं. सगळे फोनभोवती जमले. निलेशने माझा खांदा इतका घट्ट दाबला की दुखायला लागला.

"तुम्ही आमच्यापैकी कुणाचे कुणी लागत नाही ना?" मी विचारलं.

"छे हो."

"मग आत्ताच्या आत्ता पाठवा. पण साहेब, एक हात जोडून विनंती आहे," मी सरांच्या केबिनकडे बघत आवाज खाली आणला. "दिवाळीपर्यंत आमच्या सरांशी बोलू नका. भेटू नका. त्यांना तुमचं काम आवडलं तर ते तुम्हाला नोकरी देतील."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"पगार किती देतात?" जयवंतने विचारलं.